दुर्बिणीत न मावलेला समुद्र

"या पावणं, या! एक डोळा झाका, दुसरा लावा, जोतिबाचा डोंगर जवळ बोलवा!"

ही हाक मी पहिल्यांदा ऐकली ती एकोणीसशे एक्याण्णवच्या दिवाळीच्या सुट्टीत. हाक देणारा रफिक, आणि जिच्यासाठी ती दिली जायची ती मी. मित्रांनो, मी एक जुनी पितळी दुर्बीण आहे. पन्हाळगडावर, उत्तरेच्या तटाजवळ, मी पंधरा वर्षं उभी होते.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला सांगता येणार नाही. अंगावरचं नाव घासून पुसून गेलं आहे. मला आठवतो तो कोल्हापूरचा जुना बाजार. तिथे एका पोत्यावर, गंजलेली कुलपं आणि बंद पडलेली घड्याळं यांच्यामध्ये मी पडले होते. रफिकनं मला उचलून डोळ्याला लावलं आणि गल्लीच्या टोकाला लिंबावर बसलेला कावळा एकदम नाकासमोर आलेला बघून तो एकटाच हसला. उचगावच्या गुंडू सुतारानं मला बाभळीची तिवई करून दिली. त्या तीन पायांवर मी पन्हाळा चढले.

काम सोपं होतं. सहलीची मुलं यायची, नवी जोडपी यायची, जोतिबाला जाऊन आलेली, कपाळभर गुलाल लावलेली माणसं यायची. रफिक आधी स्वतःचा उजवा डोळा लावून मला नीट करायचा, मग पाहुण्यांना जागा द्यायचा. एका आजोबांनी माझ्यातून खालच्या खोऱ्यातलं आपल्या गावचं देऊळ ओळखलं आणि टोपी काढून मलाच नमस्कार केला. त्या दिवशी मी फार ताठ उभी होते.

पुढच्या वर्षी रफिकचं लग्न झालं. जुलेखा आली आंबा घाटाखालच्या साखरप्याहून. रत्नागिरी जिल्हा. पन्हाळ्याच्या माणसांना तेवढं पुरेसं होतं. शेजारी झुणका-भाकरी विकणाऱ्या सरूबाईनं दोन दिवसांच्या नवरीला तटाजवळच गाठलं.

"काय गं, कोकाणातली न्हवं तू? समुद्र बघितलाईस का?"

चार बायका तोंडाकडे बघत होत्या. जुलेखा पदराशी चाळा करत म्हणाली, "व्हय की. मामू हाय रत्नागिरीत. दर उन्हाळ्यात जायची."

त्या दिवसापासून ती 'समुद्रावरची' झाली. रफिकला तर केवढा अभिमान! पाहुण्यांना जोतिबा दाखवून झाला, मसाईचं पठार दाखवून झालं, की तो हात पश्चिमेकडे करायचा. "त्या पठाराच्या पल्याड घाट उतरला की आमच्या मंडळींचं कोकाण. तिथला समुद्र दुर्बिणीत मावत न्हाय. त्यो हिच्या तोंडनं ऐका."

जुलेखा बाजूला उकडलेल्या शेंगा विकत बसायची. रत्नागिरीला निघालेली बरीच माणसं आधी पन्हाळा बघायची, म्हणून तिला ऐकणारे कधी कमी पडले नाहीत. शेंगांचा पुडा बांधत ती सांगायची, "सकाळी रत्नदुर्गावर जावा, ऊन तापायच्या आत. वरनं दीपगृह बघा. मग थिबा राजाचा वाडा. ब्रह्मदेशचा राजा हुता, कैदेत ऱ्हायला बिचारा. त्याच्या गच्चीतनं खाडी दिसती. मांडवीला वाळू काळी, पांढरा समुद्र म्हणत्यात त्या किनाऱ्याला पांढरी. दोन्ही मूठमूठ घेऊन या. भाकरी भाट्याच्या किनाऱ्यावर, सुरूच्या बनात बसून खावा. आन् पाच वाजता पाणी मागं सरतं, तवा पोरांना वाळूत सोडा."

"बया!" सरूबाई म्हणायची. "ही बोलाय लागली की माझा झुणका खारट हुतोय."

कोकणातून परतताना काही माणसं पुन्हा गडावर थांबायची. त्यांना जुलेखा शेंगा जास्त द्यायची आणि विचारत सुटायची. पाणी किती हुतं? लाट आदी वाजती का आदी दिसती? वाळू पायाखालनं सरकती म्हणत्यात, खरं का? मला वाटायचं, बाई माहेरची आठवण ताजी करते आहे. ऐकलेलं ती दुसऱ्या दिवशी नव्या पाहुण्यांना सांगायची.

अशी नऊ वर्षं गेली. दोन हजार एकच्या नाताळात कोल्हापुरातल्या राजारामपुरीच्या दीक्षा नावाच्या शिक्षिका आल्या. संगे सहा वर्षांची मुलगी. रत्नागिरीला जाताना त्यांनी जुलेखाचं सगळं वहीत उतरवून घेतलं. चौथ्या दिवशी परत आल्या त्या तावातावानं.

"मावशी, तुम्ही पाच म्हणालात. पाचला तर भरती होती. पोरगी कमरेएवढ्या पाण्यात ओरडत होती. एक भेळवाला धावला म्हणून बरं. तो म्हणाला, भरती-ओहोटीची वेळ रोज पुढे सरकते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आणि तुम्ही समुद्रावरच्या!"

रफिक मध्ये पडला. "इसरली ओ मॅडम. लई वर्सं झाली की."

 जुलेखानं त्या मुलीच्या फ्रॉकच्या ओच्यात शेंगा घातल्या, तेव्हा तिच्या हातातून निम्म्या खाली सांडल्या. त्यानंतर कुणी रत्नागिरीचं विचारलं की ती म्हणायची, "मला आता ध्यानात न्हाय." सरूबाईनं चिडवून बघितलं, रफिकनं आर्जवं केली. शेंगा मोजायच्या आणि गप्प बसायचं, एवढंच तिनं धरलं.

मलाही वाईट दिवस आले. लोकांच्या गळ्यात कॅमेरे आले, पुढे खिशात मोबाईल आले. माणसं डोंगराकडे पाठ करून आपलेच फोटो काढू लागली. रफिकची हाक वाऱ्यावर जायची. पावसाळ्यात मला घरात कोपऱ्यात ठेवत, तिथे माझ्या काचेवर बुरशीची बारीक नक्षी उमटली. जुलेखा मात्र दर शुक्रवारी मलमलीच्या धुतलेल्या फडक्यानं मला पुसायची. तिचा हात फार हलका होता.

दोन हजार पाचच्या हिवाळ्यात रफिक मला नीट करता करता थांबला. त्यानं चकती फिरवली, काच पुसली, परत डोळा लावला.

"शिखर दिसतंय. पर बाजूचा डोंगर कुठं गेला? काच गेली वाटतं हिची."

जुलेखानं डोळा लावला. "सगळं दिसतंय की ओ. खालची गाडी बी दिसती."

 मी मनात म्हटलं, माझीच काच गेलेली असो. पण तसं नव्हतं. राजारामपुरीच्या डॉक्टरांनी सांगितलं, काचबिंदू. दुखत नाही म्हणून कळत नाही. उजवा डोळा जवळजवळ गेला, डाव्याच्या कडा झिजल्यात. गेलेली नजर परत आणता येणार नाही, उरलेली राखायची. रोज थेंब घाला.

घरी आल्यावर रफिक म्हणाला, "जुलेखा, नजर हाय तवर मला तुझा समुद्र दाव."

"थंडी सरू द्या."

पुढच्या आठवड्यात त्यानं पुन्हा विचारलं. "शेंगांचा हंगाम हाय," ती म्हणाली. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा ती उठून आत गेली. रफिक दारात बसून मोठ्यांदा म्हणाला, सरूबाईच्या घरापर्यंत ऐकू जाईल असं, "साऱ्या जगाला समुद्र सांगितलास. मलाच का न्हाय? तुझा मामू बी आता ऱ्हायला न्हाय, मग कुणाची लाज वाटती? माझी?"

 आतून भांडी घासल्याचा आवाज तेवढा बराच वेळ येत राहिला. सकाळी जुलेखानं मला पोत्यात गुंडाळलं, भाकऱ्या बांधल्या आणि म्हणाली, "चला. येष्टी आठाला हाय."

मित्रांनो, पुढचं सांगण्याआधी माझं एक ऐका. माझ्यासारख्या वस्तूची काच धुळीनं भरली तर मऊ फडक्यानं पुसता येते, फुटली तर दुसरी बसवता येते. तुमच्या घरातल्या मोठ्या माणसांच्या डोळ्यांना दुसरी काच नाही. ते दुखत नाही म्हणतात, म्हणून ऐकू नका. वेळेवर दाखवून आणा. रफिकला वेळेवर कुणी नेलं नाही. रोज शेकडो माणसांना लांबचं दाखवणाऱ्याच्या डोळ्यांत कुणी डोकावून बघावं, हे कुणाच्या मनातच आलं नाही. माझ्याही नाही.

रत्नागिरीच्या स्टँडवर उतरल्यावर जुलेखानं चारी बाजूंना बघितलं. मग तिनं एका रिक्षावाल्याला विचारलं, "भाट्याला कुठनं जायचं?" रफिक हसला. "मामूच्या गावची वाट इसरलीस व्हय?" ती त्याचा दंड धरून चालत राहिली.

सुरूचं बन ओलांडलं आणि तिनं माझी तिवई वाळूत रोवली. समोर समुद्र होता. इतकी वर्षं मी लांबचं जवळ आणत आले, पण एवढं मोठं काही माझ्या नळीत कधी आलं नव्हतं. रफिकनं डावा डोळा लावला. एक होडी दिसली, मग नुसतं पाणी, मग पुन्हा पाणी.

"मला कडंचं दिसत न्हाय," तो म्हणाला. "पावण्यांना सांगायचीस तसं मला सांग. हिकडं काय, तिकडं काय. बोल की, समुद्रावरची."

जुलेखानं तोंड उघडलं. तेवढ्यात एक लाट धावत आली आणि तिच्या पावलांवरून गेली. ती किंचाळून दोन पावलं मागे सरली, माझ्यावरच आदळली.

"अगं! तूच भ्यालीस?"

पाणी मागे गेलं. जाताना तिच्या टाचांखालची वाळू घेऊन गेलं. ती खाली बघत राहिली. मग माझी नळी घट्ट धरून ती बोलली.

"अवो, मामूकडं मला कुणी कवाच धाडलं न्हाय. सरूबाईनं इचारलं, आन् मी व्हय म्हटलं. समुद्र मी बी आजच बघतीया."