ट्यूबची पट्टी

“‘ॲडजस्टेड’ नको, रत्नमाला,” मॅनेजर म्हणाले. “टीव्हीचा आवाज कमी-जास्त केल्यासारखं वाटतं ते. दुसरं काहीतरी टाका.”

वाळूजच्या त्या कारखान्यात धड इंग्रजी लिहिणारी रत्नमाला एकटीच. आजोबांनी जन्मभर मेंढरं वळली आणि नात इंग्रजी घेऊन बी.ए. झाली, याचं गावी पाचोडला कोण कौतुक! तेच इंग्रजी आज तिच्या गळ्याशी आलं होतं.

पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीनला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दाबली तरच प्रेस खाली येते, म्हणजे हात आत सापडत नाही. पण माल जास्त निघावा म्हणून एक बटण सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं आवळून ठेवायचं, ही तिथली रीतच होती. पट्ट्या सुपरवायझर स्वतः कापून द्यायचा. परवा प्रेसवरच्या शिवशंकरचा उजवा हात मनगटापासून गेला. त्याच अपघाताचा अहवाल आता रत्नमाला लिहीत होती.

“‘मॉडिफाइड’ लिहू, सर?”

“ते कंपनीनं केल्यासारखं होतं. ‘अल्टर्ड’?”

“त्यात कुणी केलं, कशाला केलं, काहीच येत नाही.”

“मग आमच्या माघारी, मुद्दाम छेडछाड केली, त्याला काय म्हणतात?”

शब्द तिला ठाऊक होता. तो लिहिला की सगळा दोष शिवशंकरच्या माथी आणि भरपाईच्या नावानं ठणठणाट, हेही ठाऊक होतं.

“तुमचं कॉन्ट्रॅक्ट याच महिन्यात संपतंय ना?” मॅनेजरांनी अगदी मायेनं विचारलं.

तिनं ‘टॅम्पर्ड’ टाइप केलं. स्वतःची किळस आली, पण बोटं काही थांबली नाहीत.

संध्याकाळी सही आणायला तिलाच दवाखान्यात धाडलं. शिवशंकर बजाजनगरात तिच्याच गल्लीत राहायचा. तिला बघून तो उशीला टेकून बसला.

“काय लिवलंय, ताई?”

“बटणात बदल केला, असं लिहिलंय.”

“मंग खरंच हाय की. केलाच व्हता.” त्यानं त्या इंग्रजी कागदाकडं पाहिलं. “पट्टी सुपरवायझरनं दिल्ती, त्ये बी लिवलं ना?”

तिनं ‘हो’ म्हणून मान हलवली.

“लई उपकार झाले. दुसऱ्या कुणी आमचं नसतं लिवलं.”

सही उजव्या हाताची होती, म्हणून डाव्या अंगठ्याला शाई लावली. कागद चादरीवर सारखा सरकत होता आणि तो धरायला शिवशंकरला दुसरा हात नव्हता. मग रत्नमालानंच तो दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरला.