पांढऱ्या चादरीखालची खुर्ची

मी एक जुनी खुर्ची आहे, मित्रांनो, आणि बराच काळ माझी अशी समजूत होती की माझ्यात एक गेलेला माणूस बसलेला आहे. ही समजूत एकट्या माझीच नव्हती. त्या घरातल्या मोठ्या माणसांनाही तसंच वाटत होतं. फक्त कुणी कुणापाशी बोलत नव्हतं.

सोफे आणि खुर्च्या भरणाऱ्या एका कारागिराने मला घडवलं. जाड लाकडाचा सांगाडा, त्यात स्प्रिंगा, स्प्रिंगांवर काथ्या, काथ्यावर कापूस आणि सगळ्यावर ताणून बसवलेली गर्द लाल मखमल. शेवटचा खिळा ठोकल्यावर त्याने माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "माणूस थकेल, पण ही बया थकायची नाही."

मला विकत घेतलं ते अप्पांनी. अप्पा बसचे ड्रायव्हर होते आणि नुकतेच निवृत्त झाले होते. "जन्मभर कडक सीटवर बसलो, आता मऊ सीटवर बसणार," असं म्हणत त्यांनी मला खिडकीपाशी ठेवलं. पण सवय कुठे जाते? दुपारी डुलकी लागली, की त्यांचा उजवा पाय जमिनीवर मध्येच जोरात दाबला जायचा. ब्रेक!

"अप्पा, आता कोण आडवं आलं?" त्यांची मुलगी स्वयंपाकघरातून विचारायची.

"सायकलवाला. वाचला बिचारा," डोळे न उघडता अप्पा म्हणायचे.

हे घर त्यांच्या मुलीचं होतं. ती, छापखान्यात काम करणारा तिचा नवरा आणि त्यांची लेक असं कुटुंब. लेक एका जागी म्हणून ठरायची नाही, म्हणून अप्पा तिला भिंगरी म्हणत. आणखी एक जण होता, पिठ्या. पिठात लोळून आल्यासारख्या रंगाचा हा कुत्रा अप्पांनी पिल्लू असताना बसडेपोतून उचलून आणला होता. त्याची जागा माझ्या पायांशी, अप्पांच्या चपलांवर तोंड ठेवून. सगळे म्हणायचे, काय सुंदर खुर्ची आहे! मला तर वाटायचं, माझ्यासारखी भाग्यवान मीच.

शेवटी शेवटी अप्पांना दम लागू लागला. श्वास घेताना छातीतून बारीक शिट्टी वाजायची, फटीतून वारा यावा तशी. आणि एका दुपारी त्यांचा उजवा पाय जोरात दाबला गेला, तो पुन्हा उचलला गेलाच नाही. पिठ्या उठून उभा राहिला आणि माझ्याकडे बघत राहिला. घरात कुणालाच अजून काही कळलं नव्हतं.

सगळं आटोपल्यावर मुलीने माझ्यावर पांढरी चादर घातली. चादरीखाली माझ्या गादीत अप्पांचा आकार तसाच होता. पाठीचा खळगा, डोक्याच्या तेलाचा डाग, मांड्यांखालचे दोन खड्डे. नवरा एकदा झटकणी घेऊन आला, तेव्हा ती जवळजवळ ओरडलीच.

"हात लावू नका! झटकलंत तर अप्पा जातील."

तो मागे फिरला. त्या दिवसापासून मला कुणी झटकलं नाही, उन्हात ठेवलं नाही, माझ्यावर बसलंही नाही. खिडकीही बंद झाली, कारण वाऱ्याने चादर हलली, की अप्पांची मुलगी हातातलं काम टाकून दारात यायची.

आणि मग माझ्या आत काहीतरी जिवंत झालं.

मित्रांनो, मला ते दिसत नव्हतं. फक्त जाणवायचं. कापसात, काथ्यात, मखमलीच्या लवेत एक अतिसूक्ष्म वळवळ. मला वाटायचं, अप्पाच आहेत. बाहेर पडायचा रस्ता सापडत नाही म्हणून आतल्या आत चाचपडत आहेत.

पिठ्या अजून माझ्याखालीच झोपायचा. पण आता तो झोपेतून दचकून उठायचा, स्वतःचे पंजे चावायचा, कान भिंतीला घासायचा आणि माझ्याकडे बघून कण्हायचा. त्याच्या पोटावरचे केस गेले, कातडी लाल झाली. शेजारच्या काकू दारातून हे बघून म्हणाल्या, "कुत्र्यांना दिसतं हो. आपल्याला दिसत नाही ते त्यांना दिसतं."

"काहीतरीच काय काकू," भिंगरीची आई म्हणाली. पण त्यानंतर ती माझ्याकडे पाठ करून कधी बसली नाही.

भिंगरीला मात्र माझी भीती नव्हती. आई कामात असली, की ती हळूच चादरीखाली शिरायची, अप्पांच्या खड्ड्यात पाय पोटाशी घेऊन बसायची आणि शाळेतल्या गमती सांगायची. कुणाला, ते तुम्हाला कळलंच असेल. सांगता सांगता तिला शिंका यायच्या, डोळे चुरचुरायचे. घरच्यांना वाटायचं, सर्दीच आहे, जाईल.

एका दुपारी तिची आई कणीक मळत होती. बाहेरच्या खोलीतून शिट्टी ऐकू आली. बारीक, ओढलेली, थांबत थांबत येणारी. अप्पांच्या छातीची शिट्टी.

पिठाच्या हातांनी ती दारात येऊन उभी राहिली. चादर वर-खाली होत होती. चादरीखाली कुणीतरी बसलं होतं, अगदी अप्पांच्या जागी.

"अप्पा?" ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नसेल.

शिट्टी तेवढी बारीक होत गेली. मग पिठ्याने धावत येऊन चादरीचं टोक दातात धरलं आणि ओढलं. माझ्यात भिंगरी बसली होती. तोंड उघडं, ओठ निळसर, खांदे कानांपर्यंत उचललेले. तिला श्वास सोडताच येत नव्हता.

आईने तिला उचललं आणि तशीच अनवाणी रस्त्यावर पळाली. मी उघडी पडले होते. माझ्या हातांवर तिची पिठाची बोटं उमटली होती. पिठ्या दारापर्यंत गेला, परत आला आणि माझ्यापासून दूर, भिंतीला चिकटून बसला. संध्याकाळपर्यंत घरात आम्ही दोघंच होतो, आणि मला आतून ती वळवळ जाणवत होती.

भिंगरी वाचली. दवाखान्यातून ती तोंडाला लावायचा औषधाचा पंप घेऊन घरी आली. आता दोष कुणाला तरी द्यायलाच हवा होता. काकू म्हणाल्या, "घरात कुत्रं पाळलंय ना? त्याच्या केसांनीच होतं हे." बापाने मान डोलावली. भिंगरी रडली, पिठ्याच्या गळ्यात पडली. पण तिचा मामा येऊन त्याला आपल्या रोपवाटिकेत घेऊन गेला. जाताना पिठ्याने मागे वळून पाहिलं, ते भिंगरीकडे होतं की माझ्याकडे, मला सांगता येणार नाही.

कुत्रा गेला. कोपरा न् कोपरा पुसून झाला. पुसली नाही ती फक्त मी. आणि भिंगरीचा दम वाढतच गेला, कारण पिठ्या नाही म्हणून ती आता माझ्यापाशी जास्तच येऊ लागली. तिच्या आईने चादर पुन्हा नीट खोचली होती. पण तिची पाठ वळली, की भिंगरी आत. ती खोकायला लागली, की आई माझ्याकडे अशी बघायची, जशी माणसं देवाकडेही बघतात आणि वैऱ्याकडेही.

एकदा तिने नवऱ्याला हळूच विचारलं, "अप्पा तिला बोलावत तर नसतील?"

"वेड लागलंय का तुला?" तो म्हणाला. पण लगेच त्याने दिवा लावला, बाहेर लख्ख ऊन असताना.

दुसऱ्याच दिवशी ते भिंगरीला ॲलर्जीच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. तिथे काय झालं ते मी घरी आल्यावरच्या बोलण्यातून ऐकलं. कशाची ॲलर्जी आहे ते बघायला बाईंनी भिंगरीच्या हातावर वेगवेगळ्या अर्कांचे थेंब ठेवले आणि प्रत्येक थेंबाखाली सुईने हलकेच टोचलं. कुत्र्याच्या केसांच्या थेंबाखालची कातडी तशीच राहिली. एका थेंबाखाली मात्र टरारून गांध उठली. तो थेंब धुळीतल्या किड्यांचा होता. डोळ्यांना न दिसणारे हे किडे जुन्या गाद्या-गिरद्यांत राहतात आणि माणसाच्या अंगावरून गळलेल्या कातडीच्या कणांवर जगतात.

"घरात असं काही आहे का," बाईंनी विचारलं, "जे बरेच दिवस कुणी झटकलं नाही, धुतलं नाही, उन्हात टाकलं नाही?"

आईच्या आधी भिंगरीच म्हणाली, "आजोबांची खुर्ची."

हे ऐकलं आणि माझ्यातली वळवळ काय होती ते मला कळलं. आत अप्पा नव्हते. अप्पांवर जगणारं काहीतरी होतं. ते वाट चाचपडणं, ती वळवळ, सगळं त्या किड्यांचंच. इतकी एकटी मी कधीच नव्हते झाले, मित्रांनो. अगदी त्या दुपारी अप्पांचा पाय दाबला गेला, तेव्हाही नाही.

त्याच सुमारास मामाचा निरोप आला. पिठ्याच्या पोटावर नवे केस आले होते. प्राण्यांच्या डॉक्टरांनी त्याला तपासून सांगितलं होतं, की माणसासारखी कुत्र्यांनाही धुळीची ॲलर्जी होते. माणूस शिंकतो, धापा टाकतो. कुत्रा बहुतेक वेळा खाजवतो आणि पंजे चाटत बसतो. म्हणजे एकाच गोष्टीने दोघांना पोळलं होतं, आणि घर सोडून जावं लागलं ते ज्याला बोलता येत नाही त्याला.

त्या रविवारी सकाळी भिंगरीच्या आईने खिडकी उघडली. माझ्यावरची चादर काढली. मग नाकाला ओढणी बांधून, त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदाच, ती माझ्यात बसली. अप्पांचा खड्डा तिच्याने भरला नाही. तो तिला मोठा होत होता. तिने माझे दोन्ही हात घट्ट धरले.

"अप्पा," ती म्हणाली, "पोरीचा जीव जातोय हो. आता उठा."

बराच वेळ ती तशीच बसली. मग तीच उठली.

सोफेवाल्याने मला अंगणात नेऊन उसवलं. मखमल फाटली तेव्हा धुळीचा लोट उन्हात असा उभा राहिला, की क्षणभर कुणी माणूसच उभा आहे असं वाटलं. सगळे मागे सरले. लोट वाकला, विरला, आणि तिथे काहीच उरलं नाही. कापूस, काथ्या, तेलाचा डाग, सगळं गोणीत भरून गेलं.

आता मी नुसत्या लाकडाची आहे, बसायला वेताची वीण. मला रोज ओल्या फडक्याने पुसतात. भिंगरीचा पंप अजून कपाटात असतो, पण त्याला हात लावायची वेळ क्वचितच येते. पिठ्या परत आला आहे. आठवड्याला त्याला आंघोळ घालतात आणि त्याचं अंथरूण उन्हात टाकतात. तो थोडंफार खाजवतो, पण रक्त येईपर्यंत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी सारखं शिंकत असेल तर नाटक करतो म्हणू नका. तुमचं मांजर किंवा कुत्रा अंग चावत असेल तर त्याला हाकलू नका; आधी डॉक्टरांना दाखवा, आणि आपण कुठली गोष्ट बंद करून ठेवली आहे ते शोधा. गेलेल्या माणसाची वस्तू जरूर जपा. पण तिला ऊन दाखवा, वारा दाखवा.

आता माझ्यावर सगळे बसतात. भिंगरी, तिचा बाप, काकूसुद्धा. वेताला कुणाचा आकार राहत नाही. निवांत दुपारी मी अप्पांचं वजन आठवायचा प्रयत्न करते. कधी कधी ते येता येता राहतं, आणि तेवढ्यात कुणीतरी येऊन बसतं.