रविवारची रेंज

“मागच्या रविवारी ढग. त्याच्या मागच्या रविवारी बॅटरी बसलेली. आज डुकराने वायर खाल्ली म्हणतील, बघत राहा,” राकेरा गुडघाभर पाण्यातून चालता चालता पुटपुटली.

पुटपुटली ती स्वतःशीच, पण तिच्या हातभर पुढे तिची भावजय तोरेका चालत होती, आणि तोरेकाचे कान रविवारी नेहमीपेक्षा तिखट असत.

“डुकरांचं नाव कशाला घेतेस,” तोरेका मागे न बघता म्हणाली. “ती बिचारी निदान ओरडतात तरी. त्या उरियामच्या थाळीला तेवढंही जमत नाही.”

ओहोटी लागली की बेटाच्या उत्तरेच्या गावातून दक्षिणेच्या गावात असं खाडीतून पायी जाता येतं. तोरेकाच्या एका हातात चपला होत्या आणि दुसऱ्या हातात नवऱ्याचा हात. बारानिकोचा डावा डोळा साखरेने केव्हाच नेला होता. उजव्याचंही आता खरं नव्हतं. दवाखान्यातल्या नर्सबाईने दिवा मारून मारून पाहिला होता आणि म्हणाली होती, नाताळापर्यंत टिकला तर टिकला. त्यावर बारानिको रडला नाही की देवाला बोलला नाही. घरी येऊन चटईवर आडवा झाला आणि म्हणाला, “मला एकदा कैताराचं तोंड बघायचंय. फोटो नको. हलणारं, बोलणारं.”

एवढंच. पण हलणारं-बोलणारं तोंड बघायला इंटरनेट लागतं, आणि उत्तरेच्या गावातला मनोरा आवाजापुरताच होता. तोही वाऱ्याची लहर असेल तसा. इंटरनेट फक्त दक्षिणेला, उरियामच्या दुकानाच्या छपरावर, त्या पांढऱ्या थाळीत. म्हणून दर रविवारी चर्च सुटलं की ही वरात खाडी ओलांडत होती. त्यांचा मुलगा कैतारा ऑस्ट्रेलियात मेंढ्यांच्या कारखान्यात मांस कापायच्या कामावर होता आणि त्याला सुट्टी रविवारचीच.

वरात म्हणायचं कारण की तोरेका आणि बारानिको दोघंच कधी निघतच नसत. बारानिकोची बहीण राकेरा असायचीच. थोरला चुलत दीर तेबुका असायचा. आणखीही दोघी-तिघी असायच्या. “आम्ही काय, नुसतं तोंड दाखवायला,” असं प्रत्येक जण म्हणायचा.

रविवार पाळायचा म्हणून उरियामने दुकानाचं पुढचं दार लावून घेतलं होतं आणि मागचं उघडं ठेवलं होतं. देवाची नजर पुढच्या दारावर असते, असा त्याचा हिशेब असावा. तोरेकाने इंटरनेटचं कार्ड घेतलं, नखाने खरवडलं, आकडे फोनमध्ये घातले. सगळे दुकानामागच्या मांडवात चटईवर मांडी घालून बसले. मध्ये फोन. बारानिकोला त्याच्या अगदी समोर बसवलं. उजवा डोळा फोनच्या बाजूला येईल असं त्याचं डोकं तोरेकाने दोन्ही हातांनी फिरवून दिलं.

“मुलीसारखा नटवतेस की काय मला,” बारानिको म्हणाला.

“गप बसा. सदरा नीट करा.”

तेवढ्यात राकेरा सरकून जवळ आली. “वहिनी, तुझा हॉटस्पॉट लाव ना जरा. मला लेकीचा निरोप आलाय का, तेवढंच बघायचंय.”

झाली बुबुसी. नात्यातल्या माणसाने तोंड उघडून मागितलं की द्यायचं, याला बुबुसी म्हणतात, आणि बुबुसीला नाही म्हणायचं नसतं. अंगावरचा सदरा मागितला तर काढून द्यायचा, होडी मागितली तर होडी. उद्या तुम्हीही मागू शकता, त्यामुळे म्हातारीकोतारी म्हणतात यात कोणी उपाशी राहत नाही. ते खरंच आहे. कोणी उपाशी राहत नाही, आणि कोणाकडे काही टिकतही नाही.

तोरेकाने दात-ओठ खात हॉटस्पॉट लावला. राकेराच्या लेकीचा निरोप आला. निरोपासोबत नातवाचा व्हिडिओ आला, तो नाचत होता. शेजारची म्हणाली, मलाही दे. तिनेही घेतला. तेबुकाने तर मागितलंही नाही, राकेराच्या फोनवरून पासवर्डचे आकडे बघून स्वतःचे स्वतः घातले आणि तिकडे तोंड करून कुठल्याशा बेटावरची व्हॉलीबॉलची मॅच लावली. तोरेकाने कैताराचं नाव दाबलं. गोल गोल फिरलं. फिरत राहिलं. मग पाटी आली की कार्ड संपलं.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण बोलायचं कोणाला? सगळी आपलीच. आपल्या माणसांवर रागवायची सोय नसली की राग बाहेरचं कोणी शोधत हिंडतो. त्याला उरियाम सापडला.

“ही थाळी आहे की चाळण? कार्ड घालायच्या आत रिकामं होतं.”

“थाळी चांगली आहे,” उरियाम शांतपणे म्हणाला. असले रविवार त्याने पुष्कळ बघितले होते. “पण एकाच थाळीत किती जण जेवणार? त्यात विश्रामगृहात तो गोरा पाहुणा आहे. सकाळपासून काहीतरी वर पाठवतोय. सगळं तोच ओढून घेतो.”

“आणि तू ओढू देतोस.”

“त्याने कार्ड घेतलंय.”

“आम्ही काय शिंपले देऊन घेतो?”

तोरेका उठली ती तरातरा सरकारी विश्रामगृहाकडे निघाली. चप्पल घालायचंही तिला सुचलं नाही. या पाहुण्याबद्दल ती ऐकून होती. आल्या दिवशीच तेबुकाने त्याच्याकडे त्याची टोपी मागितली होती. पाहुणा हसला होता आणि म्हणाला होता, नाही, ही मला लागते. इतकं सरळ. गावात संध्याकाळभर दुसरा विषय नव्हता. नाही म्हणाला. तोंडावर. आणि मग जेवायलाही बसला, वर दुसऱ्यांदा भात मागून घेतला. त्याला काही झालं नाही. तेबुकालाच दोन दिवस बाहेर पडायची लाज वाटत होती.

पाहुणा व्हरांड्यात झुल्यात पडला होता. पोटावर फोन, डोक्यावर तीच टोपी. शाळेत शिकलेलं इंग्रजी तोरेकाने गोळा केलं आणि जेवढं आलं तेवढं त्याच्या अंगावर ओतलं. तुझा फोन बंद कर. माझ्या नवऱ्याचा डोळा जातोय. माझा मुलगा लांब आहे. तू सगळं खातोस.

पाहुणा गडबडून उठला. दोनदा क्षमा मागितली. फोन लगेच बंद केला आणि बंद केलेला दाखवला. मग म्हणाला की तोही वैतागलाय, कालपासून फोटो जात नाहीयेत. त्याच्या आईला रोज एक फोटो लागतो. नाही मिळाला तर ती झोपत नाही. पोरं एवढी मोठी झाली तरी आई कशी असते, अशा अर्थाचं काहीतरी हातवारे करत तो बोलला आणि हसला.

तोरेका भांडणाची सगळी तयारी करून गेली होती. ती तयारी तशीच घेऊन परत आली. याला आई आहे, याच्या पोटावर फोन आहे, आणि हा वैतागतो कशावर, तर फोटो जात नाहीत म्हणून. जायला निघालेला फोटो तरी आहे याच्याकडे. वाटेत एका कोंबडीला तिने उगाच हाकललं.

मांडवात आल्यावर तिने दुसरं कार्ड घेऊन खरवडलं. राकेराने तोंड उघडलं, पण तोरेकाने तिच्याकडे असं बघितलं की तिने उघडलेल्या तोंडाने जांभईच दिली. मागितलं नाही म्हणजे द्यायलाही लागलं नाही. तेबुकाने व्हॉलीबॉल खिशात घातला.

“आलीय बघ,” उरियाम दारातून म्हणाला. “आता भरपूर आलीय.”

खरंच आली होती. फोनच्या कोपऱ्यातल्या सगळ्या रेघा उभ्या होत्या. कैताराच्या नावाशेजारी हिरवा ठिपका होता. तोरेकाने नाव दाबलं आणि या वेळी काही गोल गोल फिरलं नाही. सरळ बेल गेली. स्वच्छ, खणखणीत बेल, शेजारच्या मांडवात वाजावी तशी. बारानिकोने पाठ ताठ केली, केसांवरून हात फिरवला आणि हसायला सुरुवात करून ठेवली.

बेल वाजत राहिली. वाजून वाजून थांबली.

“झोपला असेल,” तेबुका म्हणाला.

“दुपारी कोण झोपतं?”

“जेवायला बसला असेल मग.”

तिने परत लावला. परत तशीच खणखणीत बेल. बारानिकोचं हसू तसंच होतं, फक्त आता ते धरून ठेवलेलं दिसत होतं. तिसऱ्यांदा बेल थांबल्यावर तोरेकाने लिहिलं: बाबा इथे बसलेत. उचल. पाठवलं. निरोपाखाली दोन खुणा उमटल्या, आणि सगळे वाकून बघत असतानाच दोन्ही निळ्या झाल्या.

वाचला होता. आत्ता, याच क्षणी, त्याने फोन हातात धरून वाचला होता.

तेबुका मांडवाच्या वाशांवरच्या दोऱ्या तपासू लागला. उरियामला आत जाऊन डबे नीट लावायची निकड आठवली. राकेराने आभाळाकडे बघितलं.

“ढग आलेत,” ती म्हणाली. “नेमके आत्ताच.”

आभाळ धुतलेल्या बशीसारखं होतं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ढग म्हणून नव्हता.

“हो, आलेत खरे,” तेबुका म्हणाला.

“ही कंपनीच चोर आहे,” दुसरी एक म्हणाली. “राजधानीत, तारावाला जाऊन तक्रार करायला पाहिजे.”

“पंचायतीने दुसरी थाळी आणायला हवी.”

“आणतात कुठले. त्यांच्या घरी पोचते ना रेंज.”

सगळ्यांना एकदम कंठ फुटला. कंपनी, पंचायत, थाळी, पाहुणा, ढग. एरवी यात सगळ्यात मोठा आवाज तोरेकाचा असायचा. आज ती त्या निळ्या खुणांकडेच बघत होती. शेवटचा म्हणून, काही महिन्यांपूर्वी, कैताराने फोन उचलला होता, ते तिच्या डोळ्यांपुढे आलं. तोंड दिसलं होतं, वाळलेलं, डोळ्यांखाली काळं. राकेरा म्हणाली होती, शिलाईचं मशीन पाठव रे बाळा. तो म्हणाला, बरं. तेबुका म्हणाला होता, होडीला इंजिन हवंय. तो म्हणाला, बरं. शेजारणीने गिटारच्या तारा मागितल्या, बरं. मग तोरेका स्वतः पुढे सरकली होती आणि छपराच्या पत्र्यांचं बोलली होती, कारण पाऊस गळत होता आणि कारण सगळे मागत होते. बरं, आई. दर बरंगणिक त्याचा आवाज खाली खाली जात होता. बारानिकोची पाळी येण्याआधी कार्ड संपलं. जेवलास का, हे त्याला कोणीच विचारलं नव्हतं. आणि मशीन आलं होतं. इंजिनही आलं होतं. पत्रे आता छपरावर होते, नवेकोरे, उन्हात डोळे दिपवणारे. फक्त तो परत फोनवर आला नव्हता.

“लागला का?” बारानिकोने विचारलं. त्याला निळ्या खुणा दिसल्या नव्हत्या. पण माणसं कशी गप्प होतात आणि मग कशी एकदम बोलायला लागतात, ते ऐकायला डोळे लागत नाहीत.

“नाही,” तोरेका म्हणाली.

“मग आवाज भरून पाठवता येतो ना? तसं पाठवू. धर माझ्यापुढे.”

तिने बटण दाबून फोन त्याच्या तोंडाशी धरला. बारानिकोने घसा साफ केला. चर्चमध्ये वाचायला उभा राहिल्यावर करायचा, तसा.

“कैतारा, मी बाबा. अरे, इथे रेंजच येत नाही बघ. ढग आलेत. तुझी बेल वाजली असेल, नसेल, काही कळत नाही. तू मनाला लावून घेऊ नकोस. दोष कोणाचा नाही, ही थाळीच तसली आहे. आम्ही सगळे मजेत आहोत. माझे डोळेही बरे आहेत.”

तोरेका त्याच्याकडे बघत राहिली. त्याला माहीत होतं. आज नाही, कितीतरी रविवार आधीपासून. गुडघाभर पाण्यातून तो दर आठवड्याला येत होता, डोकं फिरवून घेत होता, हसू लावून बसत होता, आणि परत जाताना सगळ्यांबरोबर थाळीला शिव्या घालत होता. पोराला पळवाट राहावी म्हणून. आणि ती मात्र एका परक्या माणसावर ओरडून आली होती.

भोवतीच्या माणसांनी माना डोलावल्या. छान बोललास, अशा. राकेराने डोळे पुसले. “बरोबर आहे, दादा,” ती म्हणाली. “थाळीच तसली.”

बारानिकोने बोलणं संपवलं होतं. तोरेकाने बटणावरचा अंगठा काढला नाही. तिने फोन स्वतःच्या तोंडाशी ओढला.

“वहिनी, असू दे आता,” राकेरा हळूच म्हणाली.

“कैतारा,” तोरेका म्हणाली, आणि तिचा आवाज इतका खणखणीत होता की उरियामच्या हातातला डबा तसाच राहिला. “तुझा बाप खोटं बोलतोय. ढग नाहीत. रेंज आहे, भरपूर आहे, मागच्या रविवारीही होती. तू फोन उचललास की आम्ही मागतो, आणि तुला नाही म्हणता येत नाही, म्हणून तू उचलत नाहीस.” मग तिने अंगठा उचलला आणि निरोप गेला.