कल्ले नसलेली शिंगटी

वीतभर मासा समोर असताना त्याच्या कल्ल्यावरच्या मोहरीएवढ्या गाठीत डोकं घालून बसायचं, हा भिंगसरांचा पंधरा वर्षांचा उद्योग. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे आणि उरलेल्या वेळात सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचे, म्हणून पोरांनी हे नाव पाडलेलं. तीनशे शिंगट्या, म्हणजे बिनखवल्यांचे मिशाळ मासे, चिरल्यावर एकीच्या कल्ल्यात त्यांना घबाड सापडलं होतं: दोन शेपट्यांचा, बारा मायक्रॉन लांबीचा परजीवी. त्या जातीच्या शिंगटीत असला जीव आजवर कुणी नोंदवलाच नव्हता. नवी जात! सरांनी शोधनिबंध लिहून एका नियतकालिकाकडे पाठवला आणि ते जमिनीपासून दोन बोटं वर चालू लागले.

मग परीक्षकाचं पत्र आलं. काम उत्तम, मात्र ज्या माशात परजीवी सापडला, तो मासा पंधरा दिवसांत संग्रहालयात जमा करावा. नाहीतर नवी जात मान्य नाही.

सरांना दरदरून घाम फुटला. तो मासा त्यांनी खाल्ला होता.

झालं होतं असं, की त्या दिवशी प्रयोगशाळेतला फ्रिज बंद पडला. सरांनी कल्ले काढून घेतले आणि बाकीचा मासा घरच्या फ्रिजात ठेवला, चिठ्ठी न लावता. थोरल्या बहिणीने, ताईने, तो संध्याकाळी तळला. सरांनी "झकास झालाय" म्हणत दोन तुकडे वर मागून घेतले. दुसऱ्या दिवशी फ्रिज उघडल्यावर त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि त्यांनी तोंडाला कुलूप घातलं ते आजतागायत.

आता कुलूप लावून भागणार नव्हतं. सरांनी बाजार गाठला, तशीच एक शिंगटी आणली, तिचे कल्ले कापले, तिला बरणीत स्पिरिटमध्ये बुडवलं आणि चिठ्ठीवर दोन महिन्यांपूर्वीची तारीख घातली. तारीख घालताना पेन दोनदा खाली ठेवलं, एवढं त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

ताई घरी शिवणकाम करायची. बाहीला टीप मारता मारता तिची नजर बरणीवर गेली.

"हे काय रे?"

ताईसमोर खोटं बोलायचं म्हटलं की सरांची बोबडी वळे. सगळं सांगून टाकलं.

"पण ही ती नव्हेच," ताई म्हणाली.

"मला माहीत नाही का? ती आपल्या पोटात गेली. ही त्याच जातीची आहे."

"कुठली त्याच जातीची! हिच्या पाठीवर मागे तो पंखासारखा चरबीचा पर बघ, पेरभर तरी आहे का? तिचा केवढा लांब होता. कापताना कात्री तीनदा चालवावी लागली. शिवणाची कात्री चिकट करून ठेवली मेलीने, म्हणून तर लक्षात राहिलं."

सरांनी बरणी डोळ्यांजवळ धरली. लांब पर म्हणजे दुसरीच जात. त्या दिवशी कल्ल्यावरची गाठ दिसली आणि बाकीचा मासा बघायचाच राहून गेला होता. त्यांनी माशांच्या परजीवींवरचा जुना जाडजूड ग्रंथ काढून लांब पराच्या शिंगटीचं पान उघडलं. तोच परजीवी: दोन शेपट्या, बारा मायक्रॉन. सरांच्या जन्माआधीच कुणीतरी तो शोधून, नाव ठेवून मोकळं झालेलं. चित्रही सरांच्या चित्रापेक्षा सरस होतं.

"म्हणजे काय झालं?"

"माझी नवी जात जुनीच निघाली."

ताईचा चेहरा पडला. "आणि मी बोलले नसते तर?"

"कुणाला कळलं नसतं. बरणी गेली असती, माझं नाव झालं असतं."

"मग मी बोलायला नको होतं का?"

सरांनी खरंच विचार केला. "नको होतं," ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. ताईने मशीन थांबवलं आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

बऱ्याच वेळाने त्यांनी कागद ओढला. निबंध मागे घेत आहे. मासा ओळखण्यात माझी चूक झाली. ती माझ्या बहिणीच्या लक्षात आली, स्वयंपाक करताना. मासा जमा करता येत नाही, कारण आम्ही तो खाल्ला.

"'आम्ही' काय?" ताई खांद्यावरून वाचत म्हणाली. "जास्तीचे दोन तुकडे कुणी मागितले?"

सरांनी 'आम्ही' खोडून 'मी' केलं. पत्र पाकिटात घातलं, पिशवी उचलली.

"आता कुठे?"

"पत्र टाकतो आणि तसाच बाजारात. आखूड पराच्या शिंगट्यांत काही सापडतं का, ते पहिल्यापासून बघायला हवं."

ताईने चपला पायात सरकवल्या. "थांब, मीही येते. तुला मासे कळत नाहीत."

सरांनी पिशवी तिच्या हातात दिली.