घमेल्याखालची चूल

मण्याएवढा काळा थेंब चुलीच्या कडेला घट्ट चिकटला होता, नखाने निघेना, उलथन्याच्या टोकाने निघेना… पॉलिस्टरची चिंधी जळताना वितळते, टपकते आणि निवली की अशी दगड होऊन बसते, हे धुरपदाबाईला गोडादऱ्याच्या कापडवस्तीत अर्धं आयुष्य काढल्यावर कुणी सांगायला हवं होतं का? रोजचाच थेंब. पण आज तो तिच्या नजरेतून सुटेना, कारण नुकताच बचतगटातल्या उषाबाईचा फोन येऊन गेला होता. कुजबुजत म्हणाली, "बेन आजच उनी वं! मनाकडे बठेल शे. मंग तुन्हाकडेच." आणि ठेवून दिला. बेन तिच्या घरी बसल्या होत्या, मग इकडेच येणार होत्या.

बेन म्हणजे जयश्रीबेन, बचतगटाला कर्ज देणाऱ्या संस्थेच्या. उद्या यायच्या होत्या. उद्यापर्यंत धुरपदाबाईने चूल सारवली असती, चिंध्यांचं पोतं माळ्यावर टाकलं असतं, सगळं कसं देवघरासारखं केलं असतं. आज मात्र लूमवर, यंत्रमागांवर राबणाऱ्या पोरांचे जेवणाचे डबे आत्ताच गेले होते आणि चुलीच्या पोटात विस्तव अजून धगधगत होता. पाणी ओतावं? छे! पेटल्या चिंधीवर पाणी पडलं की असा काळा, जिभेवर बसणारा धूर उठतो, की उषाबाईच्या घरातून बेन नाक धरून पळत आल्या असत्या.

कर्ज गॅसच्या भट्टीसाठी होतं आणि अट एकच होती – चिंधी जाळायची नाही. एका घरात जरी धूर सापडला तरी सगळ्या गटाचं कर्ज बंद. बायकांनी हात वर करून कबूल केलं होतं, सगळ्यात आधी धुरपदाबाईने, गटाची प्रमुख ना ती! भट्टी आली, तिला हळदकुंकू लागलं, आणि पहिली टाकी संपत आली तेव्हा दुसरी आणायच्या आधी दारात चिंध्यांचं पोतं येऊन पडलं होतं, कापड मार्केटमधलं, जवळजवळ फुकटचं. मग काय… भट्टी रोज पुसायची, चूल रोज पेटवायची. सगळ्याच घरी तसं. मी एकटीच का वाईट?

तिने चुलीवर घमेलं उपडं घातलं. त्यावर पाट. पाटावर गोधडी. आणि तरी ती बसायची जागा वाटेना, झाकलेली चूलच वाटत राहिली… तेव्हा तिची नजर सुनेवर गेली. हर्षदाला सातवा लागला होता. भरल्या पोटाच्या बाईला कोण ऊठ म्हणतं?

"बठ वं आठे," ती म्हणाली. "काही बी व्हवो, ऊठू नको."

हर्षदा बसली. का, म्हणून विचारलंसुद्धा नाही.

जयश्रीबेन आल्या, "केम छो मासी" म्हणाल्या, भट्टीवरून बोट फिरवून बघितलं आणि खूश झाल्या. बेन तशी मुलगी वाईट नव्हती. वाईट असती तर बरं झालं असतं, धुरपदाबाईला मनातल्या मनात शिव्या तरी देता आल्या असत्या. "चाय पिलाओ मासी, इसी पे," बेन म्हणाल्या, आणि धुरपदाबाईने भट्टी पेटवली. तळाशी राहिलेला गॅस फुरफुरत लागला. निळा जाळ. बिनवासाचा. एका बाजूला हा जाळ, आणि दुसऱ्या बाजूला…

दुसऱ्या बाजूला हर्षदाच्या पैंजणाजवळून धुराचा एक दोरा वर येत होता.

तिला वाटलं, भास असेल. नव्हता. बारीक, काळसर, घमेल्याच्या काठाखालून निघून तो सुनेच्या साडीच्या निऱ्यांत शिरत होता. हर्षदाच्या कपाळावर घाम आला होता आणि ती बेनकडे बघून हसत होती. हसू चांगलं शिकली होती पोरगी. बेन गटाच्या बैठकीत बोलल्या होत्या – चिंधीचा धूर आईच्या श्वासातून पोटातल्या लेकरापर्यंत जातो, बायांनो, जपा – आणि घरी येताना सगळ्या बायका किती हसल्या होत्या! आमची काय ती धुरात झाली नाहीत? मीच म्हणाले होते, आमचा लेक भिकन चुलीपाशीच तर वाढला! तो भिकन, रात्रभर खोकणारा, लूमवरच्या धाग्याच्या धुळीने खोकतो असं आपण सांगतो ते… ते कशावरून? ऊठ, तिला म्हणायचं होतं. ऊठ बाई, दूर हो तिथून. शब्द अगदी दातापर्यंत आला होता. पण त्या शब्दामागे उषाबाई उभी होती, गटातल्या सगळ्या जणी उभ्या होत्या, त्यांच्या पुढच्या कर्जावर यायच्या शिलाई मशिनी, त्यांच्या भाजीच्या गाड्या… आणि तिने विचारलं, "बेन, साखर जास्ती?"

चहा संपेपर्यंत ती धुराकडे बघत नव्हती. बेनच्या डोळ्यांकडे बघत होती.

जाताना बेनने हर्षदाच्या डोक्यावरून हात फिरवला. "इस घर की तो मुझे फिकर ही नहीं. अब यहाँ देखने नहीं आऊँगी, मासी. आपका तो मैं दूसरों को बताती हूँ."

चपला वाजत गल्लीत गेल्या. धुरपदाबाईने सुनेला दंडाला धरून ओढलंच. गोधडीला करपट वास येत होता, पाटाची खालची बाजू काळवंडली होती. "भाजनं का वं? चक्कर उनी का? बोल ना!"

"काही व्हयनं नही, आत्याबाई," हर्षदा म्हणाली आणि तोंडावर पदर धरून खोकली. "तुम्हीच तं सांगं, ऊठू नको."

खरंच की. मीच सांगितलं. उद्या विस्तवावर बस म्हटलं तरी ही बसेल, हसत बसेल… आणि उद्या कशाला, आजच बसली नाही का? सुटलो, असं तिला वाटायला हवं होतं. सुटलोच होतो. पण भीती जायचं नाव घेईना, उलट आता ती बेनची उरली नव्हती. ती घरातच राहायला आली होती.

मागे भट्टी पिवळी पडून फुसकन विझली. टाकी संपली. संध्याकाळच्या डब्यांची पोरं चार वाजताच दाराशी यायची. हर्षदाने, रोजची सवय, घमेलं उचलून बाजूला ठेवलं, पोत्यात हात घातला आणि एक लालभडक चिंधी बाहेर काढली.

नको म्हणावं… आणि मग भाकरी कशावर भाजायच्या? धुरपदाबाई उंबऱ्यात येऊन उभी राहिली. बेन काहीतरी विसरल्या असतील, घ्यायला परत येतील, बघतील. छत्री, चष्मा, काहीही. मघाशी ज्या चपला कधी एकदा जातात असं तिला झालं होतं, त्याच चपला परत वाजतात का, म्हणून ती गल्लीकडे कान लावून उभी होती, आणि पाठीमागे काडी ओढल्याचा आवाज आला तरी तिने वळून बघितलं नाही.