दोन बोगद्यांच्या मधे

सोमवारी शूहानचं दुकान बंद असे. बाकीचे सहा दिवस तो आणि त्याची बायको पहाटे तीनला उठून सोयाबीन दळत, दूध उकळत आणि सात वाजता लोतुंग गावची निम्मी शाळकरी पोरं त्यांच्या दारात रांग लावून उभी असत. त्यामुळे सोमवारी नऊपर्यंत लोळायचं हे त्याचं ठरलेलं. त्या सोमवारी मात्र आठच्या सुमारास आ-फा खाली मोटरसायकलवर बसून हॉर्न वाजवू लागला.

"ए सोयादूध! ऊठ! शिन्चेंगला जाऊ, ताईकडे."

शूहान खिडकीत आला. "आज? कळवलं आहेस का तिला?"

"तिला काय कळवायचं? ती काय अमेरिकेला जाणारे? चल लवकर, ऊन वर आलंय."

आ-फाचं मोटरसायकल दुरुस्तीचं दुकान होतं. बेचाळिशीचा, बिनलग्नाचा, तोंडानं फटकळ. गाडी गल्लीच्या तोंडाशी असतानाच आवाजावरून तिचा रोग सांगायचा. शाळेपासून सक्तीच्या लष्करी नोकरीपर्यंत दोघं एकत्र राहिले होते. आ-फाची थोरली बहीण लेनहुआ लग्न होऊन समुद्राकाठी शिन्चेंगला गेली होती आणि चाळिशीत कुठल्याशा आजारानं आंधळी झाली होती. आ-फा तिच्याकडे सहा वर्षांत फिरकला नव्हता. आज त्यालाच जावंसं वाटतंय म्हटल्यावर शूहानला नाही म्हणवेना. बायकोनं चहात उकडलेली अंडी पिशवीत घातली आणि नवऱ्याच्या हेल्मेटचा पट्टा स्वतःच्या हातानं आवळला.

"हळू चालव हं आ-फा," ती म्हणाली. "तो रस्ता काही खेळ नाही."

"वहिनी, माझ्यामागे बसून आजवर कुणी मेलंय?"

तिला तो विनोद आवडला नाही. शूहानलाही नाही.

सुआओ मागे पडलं आणि रस्ता डोंगरावर चढू लागला. नवा रस्ता आणि त्याचे मोठे बोगदे तेव्हा झाले नव्हते. ह्वालिएनकडे जायचं तर कड्याला चिकटून जाणाऱ्या या एकाच रस्त्यानं. उजवीकडे डोंगर, डावीकडे समोरून येणाऱ्या गाड्या आणि त्यांच्या पलीकडे सरळ खाली समुद्र. खडी आणि सिमेंटचे ट्रक वळणावर अर्धा रस्ता खात. शूहान स्वतः फक्त स्कूटर चालवी, तीही बाजारापुरती. वळण आलं की तो डोळे मिटून घेई आणि आ-फाचं जाकीट धरी.

"जाकीट फाडशील," आ-फा ओरडला. "आणि डोळे उघडे ठेव. बोलत राहा."

"तुला कसं कळलं डोळे मिटलेत ते?"

"तू श्वास घ्यायचा थांबतोस."

हे 'बोलत राहा' त्या सकाळी शूहानच्या कानावर बरेचदा पडलं. समोर काय येतंय ते सांग. ट्रक कुठला आहे, रिकामा की भरलेला. शूहानला वाटलं, आपली भीती घालवायला हा खेळ चाललाय. तो सांगत राहिला.

नानआओला ते नूडल्स खायला थांबले. मालकिणीनं वाडगा आ-फाच्या डाव्या कोपराशी ठेवला आणि त्यानं हात हलवताच तो सरळ तिच्या पायावर उलटला. बाई किंचाळली. आ-फानं दहा वेळा माफी मागितली, पण त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. बाहेर पडताना दारात लोळत पडलेल्या कुत्र्याच्या शेपटीवरही त्याचा पाय पडला.

"झालंय काय तुला?" शूहाननं विचारलं.

"झोप झाली नाही."

"मग इथेच जरा पड."

"नको. ऊन आहे तोवर पोचू."

अकराही वाजले नव्हते. ऊन कुठे जाणार होतं? शूहानच्या मनात पाल चुकचुकली, पण आ-फानं किक मारली होती आणि तो मागे बसला.

होपिंगनंतर उभे कडे आणि बोगदे सुरू झाले. पहिले दोन बोगदे लहान होते, एका तोंडातून दुसरं दिसे. तिसऱ्याच्या अलीकडे आ-फानं वेग कमी करून मागून आलेल्या खडीच्या ट्रकला पुढे जाऊ दिलं आणि लगेच त्याच्या मागच्या लाल दिव्यांना चिकटला.

"इतका जवळ कशाला? खडे उडतायत!"

"गप. आता बोलू नको."

आत शिरताच उन्हातून आलेल्या डोळ्यांपुढे काळोख झाला. शूहानला हळूहळू छतावरचे दिवे दिसू लागले. पिवळट, धुळीनं माखलेले, मधले कित्येक बंद. ओल्या भिंती, ट्रकचा घुमणारा आवाज, पुढचे दोन लाल ठिपके. मग ट्रकनं वेग घेतला. ठिपके लहान झाले आणि वळणाआड गेले.

मोटरसायकल एकदम मंदावली. शूहाननं बाजूनं डोकावून पाहिलं. चाक मधल्या पट्ट्यावर होतं. मग पट्टा उजवीकडे राहिला. ते समोरच्या गाड्यांच्या बाजूला आले होते, आणि आ-फा सरळ ताठ बसून तसाच चालवत होता. जणू त्याच्या लेखी सगळं ठीक होतं.

वळणावरच्या भिंतीवर उजेड पडला. समोरून काहीतरी मोठं येत होतं.

"उजवीकडे!" शूहान ओरडला. "आ-फा, उजवीकडे! उजवीकडे घे!"

त्यानं त्याच्या उजव्या खांद्यावर बुक्की मारली. गाडी हेलपाटत उजवीकडे वळली. ट्रक इतक्या जवळून गेला की त्याच्या वाऱ्यानं शूहानची पँट पायाला चिकटली. पुढच्याच क्षणी पावदान भिंतीला घासलं आणि ठिणग्या उडाल्या.

"आता डावीकडे, थोडंसं. थोडंसं म्हटलं ना! सरळ. सरळ राहू दे."

बोगदा संपेपर्यंत तो असं ओरडत राहिला. बाहेर ऊन डोळ्यांवर आदळलं. डोंगराच्या बाजूला रस्त्यालगत तीसेक पावलांची चिंचोळी जागा होती. तिथे थांबताच शूहान उतरला, चार पावलं गेला आणि ओकला.

मग परत येऊन त्यानं आ-फाच्या तोंडासमोर हात नेला. आ-फाचे डोळे हाताकडे गेले. हात कानाच्या बाजूला नेला. डोळे तिथेच राहिले.

"किती दिसतं?"

आ-फा टाकीवरची धूळ पुसू लागला.

"अरे, किती दिसतं तुला?"

"समोरचं," आ-फा म्हणाला. "चहाच्या पेल्याएवढं. बाजूचं नाही. आणि अंधारात काहीच नाही."

"कधीपासून?"

"रात्रीचं चार वर्षांपासून. बाजूचं... यंदा वाढलं. ताईला झालं तेच. डॉक्टर म्हणाला, रक्तातच आहे."

शूहानच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आणि तू मला मागे बसवलंस? माझी बायको, माझ्या दोन पोरी... आगगाडी बंद पडली होती का?"

"आगगाडीनं गेलो असतो तर ताईला वाटलं असतं, याचं संपलं. मला तिच्या दारात गाडीवर जायचं होतं. एकदाच." त्यानं हेल्मेट काढलं. केस घामानं चप्प झाले होते. "एकट्यानं निघालो होतो, गेल्या महिन्यात. पहिल्या बोगद्याशी दोन तास बसलो आणि परत आलो. म्हणून तुला आणलं. तू भित्रा आहेस ना. भित्रा माणूस डोळे मिटतो खरा, पण उघडले की सगळं बघतो."

"मी तुझी काठी आहे का?"

आ-फानं मान खाली घातली. शूहाननं त्याला अर्वाच्य शिव्या दिल्या, शाळेत असताना द्यायचा तशा. मग शिव्या संपल्या आणि भीती तेवढी उरली.

मागे आत्ता आलेला बोगदा होता. पुढे शंभर पावलांवर त्याहून लांब बोगद्याचं काळं तोंड. चालत जावं तर आत पायवाट नाही. शूहाननं ट्रकना हात केले. एकही थांबला नाही. अशा वळणावर कोण थांबणार? एक बस आली, ड्रायव्हरनं हॉर्न दाबून धरला आणि निघून गेली. तेवढ्यात वरून खडखड करत मुठीएवढा दगड खाली आला, रस्त्यावर उडी मारून पलीकडच्या कठड्यावरून समुद्रात गेला. त्यामागून बारीक माती गळू लागली. दोघांनी वर पाहिलं. डोंगराच्या पोटातून एक लहानशी धार वाहावी तशी ती माती येत होती आणि थांबत नव्हती.

"इथे उभं राहण्यात अर्थ नाही," आ-फा म्हणाला.

"उतर," शूहान म्हणाला. "मी चालवतो."

"तू? तुला क्लच कुठल्या हाताला असतो ते ठाऊक नाही!"

"मग सांग. आवाजावरून गाडीचा रोग सांगतोस ना? मागे बस आणि आवाज ऐक. बघायचं मी बघतो."

आ-फानं त्याचा डावा हात धरून क्लचवर ठेवला. "हा दाबायचा. गिअर पायानं खाली टाकला की पहिला, वर उचलला की दुसरा. दुसऱ्याच्या पुढे जाऊच नको. सोडताना अंडं ठेवल्यासारखा सोड." त्या तीस पावलांच्या जागेत शूहान दोनदा गेला आणि दोनदा गाडी बंद पाडली. तिसऱ्यांदा ती चालली. आ-फा मागे बसला.

"काही येतंय का मागून?"

शूहाननं वळून पाहिलं. "आत्ता नाही."

"मग जा."

आत गारवा आला. शूहाननं उजव्या भिंतीकडे नजर लावली आणि ती हातभर अंतरावर ठेवली. "आता वर," मागून आवाज आला. त्यानं पाय उचलला. दुसरा पडला. दिवे डोक्यावरून मागे जाऊ लागले. समोरून दोन मोटारी आल्या आणि गेल्या. जमतंय, असं त्याला वाटलं. तेवढ्यात वाटेत एक फळी दिसली, बहुतेक ट्रकमधून पडलेली. तो घाबरून ब्रेकवर उभाच राहिला. क्लचची आठवण त्याला राहिली नाही. गाडीनं उसळी घेतली आणि बंद पडली.

एकदम शांतता. वरून पाणी टपकत होतं. हेडलाइट विझला होता.

मग मागून, लांबून, घरघर ऐकू आली.

"ट्रक," आ-फा म्हणाला. "भरलेला. क्लच दाब. गिअर पायानं हळूच खाली, अर्धाच, म्हणजे न्यूट्रल. झालं? मार किक."

शूहाननं किक मारली. काही नाही. पुन्हा मारली, पाय घसरला आणि नडगी सोलली. मागच्या भिंतीवर पिवळा उजेड उमटला आणि पसरू लागला. त्याला बायकोचे पट्टा आवळणारे हात आठवले. "आ-फा, गाडी सोडू. भिंतीला चिकटू."

"भिंत कुठे आहे ते मला दिसत नाही," आ-फा शांतपणे म्हणाला. "हँडल धर. हलू नको."

तो उतरला. त्याच्यापुरत्या मिट्ट काळोखात त्याचा हात शूहानच्या पोटरीवरून खाली गेला, इंजिनावर फिरला, पेट्रोलच्या चावीशी थांबला. मग त्यानं चोक ओढून किक उघडली. त्यानं एकदाच पाय मारला. इंजिन पेटलं.

"मूठ पिळ. ऐक, हा आवाज. हाच ठेव." तो चाचपडत मागे चढला. "क्लच दाब, पहिला टाक. आता अंडं."

शूहाननं क्लच सोडला. चाक फळीच्या टोकावरून धडकन गेलं. ट्रकनं हॉर्न दिला आणि बोगदा त्या आवाजानं भरून गेला, पण ट्रक आता मागोमाग सावकाश येत होता. ड्रायव्हरनं त्यांना पाहिलं होतं. त्याच्या दिव्यांच्या उजेडात पुढची भिंत, पट्टा, खड्डे सगळं दिसू लागलं. आ-फा मागून एकसारखं म्हणत होता, "मूठ तशीच. तशीच. छान चाललंय," आणि त्याची बोटं शूहानच्या बरगड्यांत रुतली होती.

बाहेर पडल्यावर ट्रक बाजूनं निघून गेला. ड्रायव्हर खिडकीतून त्यांच्या आईबापांचा उद्धार करत होता. शूहान हसला की रडला हे त्याचं त्यालाच कळलं नाही.

पुढचे बोगदे तसेच गेले. एकातही भीती कमी झाली नाही. फक्त गाडी बंद पडली नाही.

शिन्चेंगला लेनहुआताई अंगणात सुकत घातलेली मासळी उलटत होती. तिच्या पाठीमागे शेवग्यासारख्या वाळक्या झाडांची रांग आणि मग समुद्र.

"कोण?" तिनं विचारलं. "गाडी भलतीच वाईट चालवतोय."

"मी शूहान, ताई. आ-फाबरोबर आलोय."

"आ-फा मागे बसलाय?"

आ-फा उतरून पुढे गेला. मासळीच्या टोपलीला अडखळला आणि सावरून उभा राहिला. ते अडखळणं ताईनं ऐकलं. तिच्या हातातला मासा तसाच राहिला.

"किती उरलंय?" ती म्हणाली.

"चहाच्या पेल्याएवढं."

"आणि या रस्त्यानं आलास? जवळ ये." तिनं त्याचा चेहरा चाचपून शोधला, आणि शोधून झाल्यावर खाडकन थोबाडीत दिली. मग त्याच हातानं त्याचा गाल धरून ठेवला. आ-फा बेचाळीस वर्षांचा बाप्या, ओठ चावत उभा होता.

"मला भीती वाटते, ताई."

"वाटणारच. मला अजून वाटते." तिनं शूहानकडे तोंड वळवलं. "आणि तू! याच्या मागे बसणारा तू तर याच्याहून गाढव. आत या दोघं. भात आहे."

जेवताना शूहानच्या चॉपस्टिक्स एकमेकींवर आपटत राहिल्या, एक घास उचलेना. शेवटी ताईनं त्याला चमचा दिला.

मोटरसायकल तिथेच राहिली. पुढे ती ताईच्या पुतण्यानं विकत घेतली. आ-फा तिच्याकडे तीन आठवडे राहिला. पाणी ओतताना पेल्याच्या आत बोट कसं धरायचं, उंबरा पावलानं कसा शोधायचा, हे तिनं त्याला शिव्या देत शिकवलं. लोतुंगला परतल्यावर त्यानं दुकान चालूच ठेवलं. इंजिन त्याला ऐकू येत होतं आणि हातांना स्क्रू सापडत होते. फक्त गाडी रस्त्यावर चालवून बघायला तो पोऱ्याला पाठवी.

शूहान मात्र त्या सोमवारी संध्याकाळीच आगगाडीनं परतला होता. तिकीटघराच्या फोनवरून त्यानं बायकोला इतकंच सांगितलं की पोचलो, सगळं ठीक आहे. गाडी पहिल्या बोगद्यात शिरली तेव्हा डब्यात लख्ख दिवे होते, शेजारची म्हातारी संत्रं सोलत होती. तरी त्यानं समोरच्या सीटचा कठडा दोन्ही हातांनी धरला आणि बाहेर उजेड येईपर्यंत सोडला नाही.