गायरानात उतरलेलं विमान

सकाळपासून मी तीनदा शाळेपर्यंत जाऊन आले. पेंटर भिंतीवर निळी अक्षरं काढत होता : 'आपल्या गावात पहिले विमान बापूजींनी उतरवले.' बापूजी म्हणजे माझे वडील. मजकूर माझ्या नातवाने, कपिलने दिला होता. संध्याकाळी कार्यक्रम होता. मला घरात बसवेना.

"आजी, पाय दुखतीन तुह्ये," कपिल म्हणाला.

"दुखू दे. मले तांड्यावर ने. आताच."

मी दहा वर्षांची असताना दारव्ह्याच्या बाजूने एक लहान विमान वाट चुकून आलं आणि गावावर घिरट्या घालू लागलं. बंजाऱ्यांच्या तांड्यावरची रामी आणि मी गुरं चारत होतो. टेकडीवरून एकमेकींना बोलवायला तांड्याच्या पोरी ओढणीवरच्या आरशांचा कवडसा पाडत. "जागा शोधून राह्यलं ते!" म्हणत रामी गायरानात धावली. गुरं हाकलली आणि ओढणी उन्हात धरून हलवत राहिली. विमान तिथेच उतरलं.

गाव जमलं. "या पोरीनं आरसा दावून पाडलं!" कुणीतरी ओरडलं. काठ्या उगारल्या गेल्या. तेवढ्यात पायलटने विचारलं, "शीशा किसने चमकाया?"

रामी माझ्या पाठीमागे सरकली. मी म्हणाले, "माह्या बापानं."

गावात वडिलांचा मान मोठा; त्यांच्यावर कोण काठी उगारणार? पायलटने वडिलांचे हात धरले, जीव वाचवलात म्हणाला. काठ्या खाली आल्या, हार आले. पुढे मी कधी तोंड उघडलं नाही. वडिलांनीही नाही.

आम्ही तांड्यावर पोचलो तेव्हा रामीबाई अंगणात तूर पाखडत होती.

"शके, आता कायले आली? रंग वाळला का?"

"वाळाचा हाय. तुहं नाव लिहितो म्हटलं."

"लिव्ह. पण तुह्या बापाच्या खाली नको. गळ्यात हार घालून माह्या दारावरून गेलता तो. मान वर केली नाई."

शाळेत परतले तेव्हा पेंटर डबे आवरत होता. त्याचं रॉकेलचं फडकं घेऊन मी वडिलांचं नाव पुसायला लागले.

"आजी, लोक काय म्हणतीन?"

"बापूजी खोटे होते म्हणतीन. मीही."

"इथं रामीबाईचं नाव लिव्ह," मी पेंटरला म्हणाले. त्याने ब्रश बुडवला. "रामीबाई. पुढं? बापाचं नाव सांगा."

कपिलने माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत मी ते कधी विचारलंच नव्हतं.

"गाडी काढ," मी म्हणाले.